दुर्गाबाई खोटे यांचे मोठेपण नेमके कशात आहे?

प्रश्न

दुर्गाबाई खोटे यांच्यावरील बहुतेक लेखांत एक विधान हमखास आढळते: प्रतिष्ठित घराण्यातील शिकलेली स्त्री चित्रपटात आली आणि त्यामुळे पुढच्या मुलींची वाट मोकळी झाली. ते खरे असेलही, परंतु त्यातून त्यांच्या अभिनयाविषयी काहीच कळत नाही. माझ्या पिढीने त्यांना पाहिले ते ‘मुघल-ए-आझम’मधील जोधाबाई किंवा ‘बॉबी’मधील मिसेस ब्रगांझा अशा वयस्कर भूमिकांत. घराणे क्षणभर बाजूला ठेवले, तर अभिनेत्री म्हणून त्यांचे स्थान काय ठरते? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद १

आपला प्रश्न रास्त आहे. आधी एक गैरसमज दूर करायला हवा. दुर्गाबाई चित्रपटात येणाऱ्या पहिल्या स्त्री नव्हेत. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ च्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्येच दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई (पुढे गोखले) यांनी भूमिका केल्या होत्या. घराण्याचे कौतुक करताना या आधीच्या कलावती नकळत पुसल्या जातात, हे मला फार खटकते.

तरीही १९३२ सालचे महत्त्व कमी होत नाही. फाळके यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती करायला स्त्री मिळाली नाही आणि ती भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली. त्यानंतर एकोणीस वर्षांनी प्रभात कंपनीने त्याच कथेवर ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट काढला, तेव्हा तारामती झाल्या दुर्गाबाई. मुंबईच्या लाड घराण्यात १९०५ साली जन्मलेल्या, कॉलेजात शिकलेल्या आणि खोटे यांच्या सधन घरात दिलेल्या दुर्गाबाईंवर सासरची आर्थिक स्थिती ढासळल्यावर दोन मुलग्यांसाठी काम करण्याची वेळ आली होती. १९३१ च्या ‘फरेबी जाल’मधील त्यांची छोटी भूमिका त्यांच्या वाट्याला टीकाच घेऊन आली. अशा अनुभवानंतर पुन्हा कॅमेऱ्यासमोर उभे राहणे, तेही शांताराम यांच्यासारख्या कडक दिग्दर्शकाच्या हाताखाली, ही साधी गोष्ट नव्हती.

त्या वेळी पार्श्वगायन रूढ झालेले नव्हते. नट ज्या क्षणी अभिनय करी त्याच क्षणी त्याला गावेही लागे, आणि हा चित्रपट मराठी व हिंदी अशा दोन भाषांत होत असल्यामुळे प्रत्येक प्रसंग दोनदा उभा करावा लागे. हरिश्चंद्राच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे यांच्यासारखे मुरलेले संगीतनट असताना दुर्गाबाई कुठेही फिक्या पडत नाहीत. राजवैभवातली तारामती आणि विकली गेलेली तारामती यांच्या देहबोलीत, मान वळवण्याच्या पद्धतीतसुद्धा, त्यांनी फरक ठेवला आहे. तो मुद्दाम पाहण्यासारखा आहे.

प्रतिसाद २

वरील मजकुराशी सहमत आहे, पण माझ्या मते त्यांचे खरे कर्तृत्व वेगळेच आहे. त्या काळी कलावंत एखाद्या कंपनीत मासिक पगारावर असत आणि सहसा तिथेच राहत. दुर्गाबाईंनी प्रभातमध्ये काम केले, परंतु स्वतःला एकाच कंपनीला बांधून घेतले नाही. १९३३ साली त्या कलकत्त्याला न्यू थिएटर्सच्या ‘राजरानी मीरा’मध्ये दिसतात, १९३४ साली ईस्ट इंडिया फिल्म कंपनीच्या ‘सीता’मध्ये. दोन्हींचे दिग्दर्शक देवकी बोस. नंतर त्या ‘अमर ज्योती’साठी (१९३६) पुन्हा प्रभातकडे येतात आणि १९३७ साली ‘सवंगडी’च्या निर्मितीतही उतरतात. आपली भूमिका आपण निवडायची, हा अधिकार त्यांनी त्या वयात मिळवला.

‘अमर ज्योती’तील सौदामिनी हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण. राज्याचा कायदा तिला स्वतःच्या मुलाचा ताबा नाकारतो, आणि ही आई रडत न बसता समुद्रावर जाऊन लुटारूंची म्होरकी होते. ज्या प्रधानाने, म्हणजे चंद्रमोहन यांनी केलेल्या दुर्जयाने, तिच्यावर अन्याय केला, त्याला ती कैद करते. भरजरी वेशातल्या सोशिक नायिकांच्या त्या काळात हे पात्र उभे करायला आवाजात जरब आणि नजरेत धार हवी होती. दुर्गाबाईंपाशी दोन्ही होते. सौदामिनीचा राग बघणाऱ्याला आक्रस्ताळा वाटत नाही, न्यायाचा वाटतो.

प्रश्नकर्ता

दोन्ही प्रतिसादांबद्दल मनःपूर्वक आभार. मग अशी अभिनेत्री पुढे केवळ आईच्या भूमिकांत अडकली, असे म्हणावे का?

प्रतिसाद ३

‘अडकली’ असे मी म्हणणार नाही. वयाच्या पस्तिशीच्या आसपासच त्या चरित्र भूमिकांकडे वळल्या आणि त्या भूमिका दुय्यम नव्हत्या. आचार्य अत्रे यांच्या ‘पायाची दासी’मध्ये (१९४१) त्या छळणारी सासू झाल्या, पुढच्याच वर्षी ‘भरत मिलाप’मध्ये कैकेयी. नायिका म्हणून मिळालेली लोकांची सहानुभूती पणाला लावून त्यांनी ही कामे केली.

‘मुघल-ए-आझम’कडेही या दृष्टीने पुन्हा पाहावे. १९३४ च्या ‘सीता’मध्ये पृथ्वीराज कपूर राम होते आणि दुर्गाबाई सीता, १९६० साली तेच दोघे अकबर आणि जोधाबाई म्हणून समोरासमोर येतात. पृथ्वीराज यांचा आवाज दरबार हलवून टाकतो आणि दुर्गाबाई त्याच्याशी उंच स्वरात स्पर्धा न करता, पती आणि पुत्र यांच्यामध्ये चिरडल्या जाणाऱ्या स्त्रीची घालमेल थबकण्यातून दाखवतात. त्या भव्य चित्रपटात मला सर्वांत खरी वाटते ती हीच व्यक्तिरेखा.

शिवाय त्यांचे रंगभूमीवरील काम विसरता येणार नाही. ‘भाऊबंदकी’तील आनंदीबाई आणि शिरवाडकर यांच्या ‘राजमुकुट’मधील राणी या भूमिकांना लागणारा दम आईपणाच्या चौकटीत मावणारा नाही. पुढे १९६८ साली पद्मश्री, ‘बिदाई’साठी फिल्मफेअर आणि १९८३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार असे सन्मान आले. त्यांच्या नावाच्या संस्थेने माहितीपट व जाहिरातपट केले आणि दूरदर्शनवरील ‘वागले की दुनिया’ हीदेखील त्याच संस्थेची निर्मिती.

आपण ‘अमर ज्योती’पासून सुरुवात करावी, त्यानंतर ‘अयोध्येचा राजा’ पाहावा, आणि मग ‘मी, दुर्गा खोटे’ हे आत्मचरित्र वाचावे. चित्रपट आधी पाहिलेले असले, तर त्यातील चित्रीकरणाच्या हकिकती अधिक कळतात.