प्रकाशयोजनेचा २ क्रेडिटचा प्रात्यक्षिक पेपर: ६० तास कसे वाटावेत?

प्रश्न: मुंबईतल्या महाविद्यालयात पदवीच्या मुलांसाठी हा पेपर आखतोय. प्रात्यक्षिकाच्या १ क्रेडिटला ३० तास, म्हणून एकूण ६०. नाट्यगृह नाही, साधं सभागृह आहे. सुरुवात कुठून करावी?

उत्तर १: आधी सभागृहाची वीज तपासा. १६ अँपिअरच्या सर्किटवर २३० व्होल्टला ३६८० वॉट मिळतात, म्हणजे १००० वॉटचे तीनच दिवे. चौथा लावला की भार १७ अँपिअरच्या वर जातो. एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच) लगेच पडेलच असं नाही, नाटकाच्या ऐन प्रवेशात पडू शकते. हे गणित मुलांकडूनच करून घ्या. आणि प्रत्येक टांगलेल्या दिव्याला सेफ्टी चेन (दिवा निसटला तरी खाली पडू न देणारी साखळी) हवीच, यात तडजोड नको.

उत्तर २: १० तास वीज-सुरक्षितता, २० तास दिवे टांगणं आणि फोकस करणं, उरलेले ३० एका छोट्या प्रयोगावर. समोरून दोन्ही बाजूंनी साधारण ४५ अंशांवर दिवे ठेवा. एकच सरळ समोरून मारला तर चेहरा सपाट दिसतो. लेखी परीक्षेऐवजी क्यूशीट (कोणता दिवा कधी लावायचा-बदलायचा याची यादी) तपासा.

उत्तर ३: एलईडी वगळू नका. हॅलोजन मंद केला की तांबूस होतो, साधा एलईडी होत नाही. संध्याकाळचा प्रवेश दोन्हींवर करून बघायला लावा.