विषय: विद्यापीठाचा देणगी फॉर्म – रविवारच्या आत ठरवायचंय

मेधा:
मंडळी, आपल्या मंडळाच्या शिष्यवृत्ती देणगीसाठी इथल्या अमेरिकेतल्या राज्य विद्यापीठाचा फॉर्म पुन्हा आलाय. 'कायम निधी' की 'चालू खर्च', एकाच रकान्यात खूण करायची आहे. कायम निधीत मुद्दल गुंतवून ठेवतात, दरवर्षी जेमतेम चार-पाच टक्के शिष्यवृत्तीला जातात. चालू खर्चात सगळी रक्कम लगेच मुलांपर्यंत जाते. माझं मत चालू खर्चाला. गेल्या वेळी इथेच घोडं अडलं होतं, यंदा नको.

श्रीकांत:
कायम निधीच. पुढची समिती पैसे देईल याची हमी कोण घेणार? दरवर्षी एकाच मुलाची पुस्तकं निघाली तरी त्यात खंड पडणार नाही.

निखिल:
रकाना नंतर. आपले पैसे आले की विद्यापीठ त्याच मुलाला स्वतःकडून देत असलेली मदत कमी करतं का, ते आधी विचारा. मला पहिल्या वर्षी बाहेरची शिष्यवृत्ती मिळाली होती. पत्र नेऊन दिलं, आणि पुढच्या पत्रकात कॉलेजचं अनुदान तेवढ्याच रकमेने खाली! मला भरायचे होते तेवढेच राहिले. देणगी माझ्या नावाने आली आणि पैसे वाचले कॉलेजचे. मेरीलँड राज्याने २०१७ मध्ये सरकारी कॉलेजांना यावर कायद्याने बंधन घातलं; सगळीकडे तसा कायदा नाही. आपले पैसे आल्यावर आधी मुलाचं कर्ज कमी करणार की अनुदान, हे लेखी घ्या.

वसंतकाका:
या विद्यापीठांना आपली गरजच काय? हार्वर्डची गंगाजळी ५० अब्ज डॉलरच्या वर आहे. आपल्याकडच्या कॉलेजला द्या. महर्षी कर्वे सत्तरी उलटल्यावर आपल्या विद्यापीठासाठी परदेशात फिरून निधी गोळा करत होते. तेव्हा बाहेरच्या लोकांनी दिले, आता आपण बाहेर आहोत.

श्रीकांत:
काका, हार्वर्ड इथे कशाला? आपण राज्य विद्यापीठाबद्दल बोलतोय. आणि हार्वर्डचीसुद्धा ती एक थैली नाही. हजारो वेगवेगळे निधी आहेत, बहुतेकांवर देणाऱ्यांच्या अटी.

मेधा:
काका, भावना पटते, पण मंडळाचा चेक भारतात परकीय देणगी ठरतो. कॉलेजकडे एफसीआरएची, म्हणजे परकीय देणग्यांवरच्या भारतीय कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी. नोंदणी असली तरी पैसे आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा व्हावे लागतात. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेऊन दुसरीला देणंही बंद झालंय, त्यामुळे 'ओळखीच्या ट्रस्टमार्फत' हा मार्ग उरलेला नाही. चेकवर सही माझी असते, म्हणून स्पष्ट लिहितेय.

शिल्पा:
शिष्यवृत्ती समितीला न विचारता फॉर्म मागवला कुणी? आम्ही कम्युनिटी कॉलेजचं, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजचं, नाव कधीच सुचवलं होतं. तिथे मोठे माजी विद्यार्थी नाहीत, म्हणून देणारेही नाहीत. मी तिथे सल्लागार होते. नर्सिंगची एक मुलगी सत्राच्या मध्यावर कॉलेज सोडायचा अर्ज घेऊन आली. गाडी बंद पडलेली, आणि पहाटेच्या हॉस्पिटल ड्युटीला पोचेल अशी बस नाही. आपत्कालीन निधीतून दुरुस्तीचं बिल थेट गॅरेजला भरलं. तिने अर्ज परत घेतला आणि सत्र पूर्ण केलं. कित्येकांची तर थोडीशी फी थकलेली असते आणि तेवढ्यावरून पुढची नोंदणी अडवतात. अशा ठिकाणी लहान रकमेनेही मूल टिकतं. माझं मत तिथेच, आणि चालू खर्चालाच.

निखिल:
शिल्पाताईंना अनुमोदन. तरी तोच प्रश्न त्यांनाही लेखी विचारा.

मेधा:
शिल्पाताई, फॉर्म मागवला नाही, दरवर्षी येतो. सध्या थांबवते. निखिल, दोन्हीकडे पाठवायचं पत्र तू लिही, शुक्रवारपर्यंत. उत्तर येईपर्यंत चेक निघणार नाही.

वसंतकाका:
मेधा, माझा पासपोर्ट अजून भारतीयच आहे. मी एकट्याने पाठवले तर? सोबत मंडळाचं पत्र जोडता येईल का?

मेधा:
पत्र नको, काका. पैसे तुमच्याच बचतीतले आणि बँकेमार्फत गेले तर ते परकीय धरत नाहीत. ओसीआयवाल्यांचे, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचे, मात्र धरतात, म्हणून इतर कुणाचे त्यात मिसळू नका. भारतातल्या कॉलेजला थेट दिलं तर इथल्या करात वजावट मिळणार नाही, तेवढं धरून चाला.