विटगेनस्टाइनने देव खरोखरच लपवला होता काय?

कातळशिल्प :
तत्त्वज्ञ विटगेनस्टाइन मनातून आस्तिक होता, पण देव न मानणारा त्याचा गुरू रसेल हसेल या भीतीने त्याने आपला देव सांकेतिक लिपीत दडवला, असे उगवतीकरांनी काल ठोकून दिले, म्हणून हा प्रपंच. पहिल्या महायुद्धात सैनिक असतानाच्या त्याच्या वह्यांत डावीकडे सांकेतिक आणि उजवीकडे साधे लेखन आहे. देवाविषयी आणि जीवनाच्या हेतूविषयी मला काय ठाऊक आहे, हा ११ जून १९१६ चा प्रश्न आणि देवावर श्रद्धा असणे म्हणजे जीवनाला अर्थ आहे हे दिसणे, ही जुलैतली नोंद, दोन्ही उजव्या, उघड पानांवर आहेत आणि १९६१ साली छापूनही आल्या. डावीकडे सोबतच्या सैनिकांविषयीचा तिटकारा, वासना, मरणाची धास्ती आणि देवाची आर्जवे आहेत. लिपी तरी कसली, तर वर्णमाला उलटी करून ए च्या जागी झेड! रसेलने ती दुपारच्या चहापूर्वी उलगडली असती.

उगवतीकर :
आपल्याला वह्या तारखांसह मुखोद्गत आहेत, अभिनंदन. परंतु १९१४ साली आजच्या पोलंडमधल्या तारनूवच्या दुकानात घेतलेले टॉलस्टॉयचे ख्रिस्ताच्या शुभवर्तमानावरील पुस्तक हा माणूस आघाडीवर सतत जवळ बाळगत होता, हे कोणत्या पानावर बसवणार? आणि धास्तीतून आलेली प्रार्थना खोटी कशी? जन्मभर देव्हाऱ्याकडे पाठ करून जेवलेले माझे वडील शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री रामरक्षा पुटपुटत होते. त्यांना ढोंगी म्हणायची माझी छाती होत नाही.

पाटीपेन्सिल :
डावे-उजवे पुरे झाले. सभ्य माणूस होण्यासाठी तळमळणारा हाच गृहस्थ पुढे ऑस्ट्रियातल्या खेड्यांत शिक्षक झाला आणि गणित न येणाऱ्या मुलामुलींचे कान पिळू लागला. १९२६ साली ओटरटालला अकरा वर्षांचा मुलगा त्याच्या माराने बेशुद्ध पडला, तेव्हा कुठे त्याने नोकरी सोडली. चौथीत असताना आमच्या मास्तरांनी माझ्या कानशिलात भडकावली, त्या कानाने मला आजही नीट ऐकू येत नाही. मास्तर रोज पहाटे ज्ञानेश्वरी वाचत असत. तेव्हा कोणाच्या खासगी चिंतनाचे कौतुक मला सांगू नका.

मधुमालती :
दादा, पुढचेही सांगा की. दहा वर्षांनी तो त्याच गावी परत गेला आणि मारलेल्या मुलांची, ती मोठी झालेली असताना, त्याने क्षमा मागितली. तत्त्ववेत्त्याने शेतकऱ्याच्या उंबऱ्याशी उभे राहून अशी क्षमा मागितल्याचे दुसरे उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

पाटीपेन्सिल :
दहा वर्षांनी! एका मुलीने त्याला नुसते 'हो, हो' म्हणून वाटेला लावले, ते योग्यच केले. क्षमा मागून मन कोणाचे हलके झाले ताई, मारणाऱ्याचेच ना?

उगवतीकर :
आपले कानशील आणि त्याची श्रद्धा यांची गल्लत करू नये. शिक्षकांवर राग असेल तर त्यासाठी वेगळा धागा काढावा.

पाटीपेन्सिल :
वडिलांची रामरक्षा चालते आणि माझा कान चालत नाही, हा न्याय उत्तम आहे.

कातळशिल्प :
पाटीपेन्सिल यांचा सूर मला रुचला नाही, पण मुद्दा नाइलाजाने मान्य करतो. नीती शब्दांत मांडताच येत नाही, असे जो स्वतःच १९२१ च्या 'ट्रॅक्टेटस' या ग्रंथात लिहून गेला, त्याची नीती वर्गातल्या वागण्यावरूनच जोखावी लागेल. उगवतीकरांना एवढेच देतो, की १९६१ च्या संपादकांनी डावी पाने गाळून आपल्यासारख्यांच्या कल्पनाशक्तीला मोकळे रान दिले. बाकी रसेलच्या भीतीने देव लपवतो आहे, असे सांगणारे एक तरी पान तारखेसह दाखवावे, मग पुढे बोलू.