बीबीएच्या पहिल्या वर्षाचा अभ्यास झेपून नाही राहिला, वेळ कुठून काढू? (मदत हवी आहे)

हिंगणारोड:

नमस्कार. मी नागपूरचीच आहे. इथल्याच एका बिझनेस स्कूलमध्ये बीबीएच्या पहिल्या वर्षाला, दुसरं सेमिस्टर सुरू आहे. बारावी कॉमर्स मराठी माध्यमातून झाली. सीईटीत चांगले मार्क मिळाले, नंबर लागला त्या दिवशी बाबांनी दुकानात येईल त्याला पेढा दिला. हे सांगते कारण आता घरी "जमत नाही" असं तोंडातून निघत नाही.

तीन आठवड्यांपासून रात्री दोनच्या आत झोपले नाही. तरी रोज काहीतरी राहूनच जातं. मागच्या मंगळवारी स्टॅटिस्टिक्सच्या क्विझमध्ये १० पैकी ३ आले. मला गणित येतं हो. आदल्या रात्री मार्केटिंगची केस (एखाद्या कंपनीपुढच्या पेचाची अभ्यासाला दिलेली हकीकत) वाचत बसले, क्विझचं पान उघडायलाच मिळालं नाही.

एक आठवडा सगळं वहीत लिहून पाहिलं. २२ क्रेडिट आहेत, म्हणजे आठवड्याला वर्गातलेच २२ तास. लोकमान्य नगरहून मेट्रोत बसते अन् पार प्रजापती नगरला उतरते, पुढे ऑटो. घरून निघून वर्गात बसेपर्यंत सव्वा तास, तेवढाच परतीचा. पाच दिवसांचे साडेबारा तास झाले. आठवड्याला तीन केसेस येतात, एकीला मला साडेतीन तास लागतात. वर्गातल्या ज्या मुली पहिलीपासून इंग्रजीत शिकल्या त्या तीच केस तासाभरात संपवतात. माझी गाडी दर दुसऱ्या ओळीला डिक्शनरीत अडकते. अन् वर ग्रुप प्रोजेक्ट. आम्ही पाच जण आहोत. दोन पोट्टे प्रेझेंटेशनच्या आदल्या रात्री "स्लाइड पाठव, मी बोलतो" म्हणतात. बोलतात छान, मार्क पाचही जणांना सारखे.

समजत नाही असं नाही, हे मला नीट सांगायचं आहे. इकॉनॉमिक्समध्ये पुरवठ्याची लवचिकता शिकवली तेव्हा मला लगेच आमच्या मामांची काटोलची संत्र्याची बाग दिसली. आंबिया बहार एकदा धरला की त्या हंगामाचा माल ठरून गेला. कळमन्याच्या बाजारात भाव दुप्पट झाला म्हणून झाडाला चार फळं जास्त लागत नाहीत. पुरवठा अलवचीक म्हणजे हेच ना? पण हेच सरांनी वर्गात विचारलं तेव्हा इंग्रजीत वाक्य जुळवेपर्यंत दुसरीनं उत्तर दिलं. वर्गातल्या सहभागाचेही मार्क असतात आमच्याकडे. आणि ग्रेड बाकीच्यांच्या तुलनेत मिळते, त्यामुळे आपण ६५ आणले तरी वर्ग ८० वर असेल तर खालचीच ग्रेड हाती येते.

अकाउंट्स हा माझा विषय होता. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, सगळं हातात बसलेलं. आता डेबिट-क्रेडिट वाचलं की आधी मनात नावे-जमा करते अन् मग लिहिते. त्यातही वेळ जातो. परवा ट्रायल बॅलन्स, म्हणजे आपली तेरीज, १८० रुपयांनी जुळेना, नावे अन् जमेची बेरीज सारखी येईना, दीड तास शोधत बसले.

मला विचारायचं एवढंच आहे, की केस लवकर कशी वाचायची? ग्रुपमधल्यांना काय सांगू की भांडण होणार नाही? आणि मी मार्केटिंग क्लबमध्ये आहे, ते सोडलं तर पुढे इंटर्नशिपला अडचण येते का? होस्टेलला राहण्याचा सल्ला कृपया देऊ नका, ते परवडणारं नाही.

सक्करदरा_तिसरंवर्ष:

अगं, पहिल्या वर्षी माझंही असंच होतं, मी उमरेडची, मराठी शाळेतलीच. आमची ॲडमिशन बारावीच्या मार्कांवर झाली, २०२४ ला सीईटी आली तेव्हापासून खालच्या वर्गांत चुरस वाढलेली आम्हालाही दिसते. त्यामुळे तू कमी पडतेस हे डोक्यातून काढ.

केस गोष्टीसारखी पहिल्या ओळीपासून वाचायचीच नाही. पहिला परिच्छेद वाच, मग थेट शेवटचा. बहुतेक केसमध्ये कोणाला काय ठरवायचं आहे ते याच दोन ठिकाणी असतं. ते वहीत मराठीत एका ओळीत लिही. नंतर मागचे तक्ते बघ, आकडे तुला वाचता येतातच. आणि मग मधली पानं वाच, पण त्या एका ओळीचं उत्तर शोधत. कंपनीचा इतिहास, संस्थापकाचं बालपण, यावर नुसती नजर फिरव. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मार अन् पुढे चल. शेवटी त्यातले पाच-सहाच शब्द खरंच लागतात, तेवढेच डिक्शनरीत पाहा. मला साडेतीन तासांवरून दीड तासावर यायला दोन महिने लागले, आठ दिवसांत होईल असं नाही सांगत.

वर्गात बोलण्यासाठी एकच वाक्य घरून इंग्रजीत लिहून ने. तास सुरू झाला की पहिल्या दहा मिनिटांतच हात वर कर. उशीर केला की तेच वाक्य दुसरं कोणी बोलून जातं.

क्लब सोड, मी तर म्हणते आत्ताच सोड.

इतवारी_हिशोब:

बेटा, मी तीस वर्षं इतवारीत किराण्याच्या पेढ्यांचे हिशोब लिहितो. तुझ्या दीड तासाचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहून राहिलो.

तेरजेचा फरक आला की आधी त्याला ९ ने भागून पाहा. पूर्ण भाग गेला तर बहुतेक आकडे उलटे पडलेले असतात. १८० ला भाग जातो, २० येतात. म्हणजे ४,८६० च्या जागी ४,६८० लिहिलंय का, अशी शेजारचे दोन आकडे उलटलेली रक्कम शोध. भाग जाऊनही तशी रक्कम सापडली नाही तर फरकाचं अर्ध कर. ९० ची एखादी रक्कम नावेऐवजी जमेला बसली असेल. तीही नाही, तर नेमकी १८० ची नोंद खतवायची राहिली का ते पाहा. हे तिन्ही पाहायला दहा मिनिटं पुरतात. सगळ्या बेरजा पुन्हा मारायच्या त्या एकदम शेवटी.

मनातलं नावे-जमा सोडू नको. वहीच्या समासात महिनाभर दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिही, हात आपोआप वळतो. आणि रात्री दोन वाजता हिशोब लिहू नये. आमच्या पेढीवरही रात्री उशिरा लिहिलेलं पान सकाळी पुन्हा तपासल्याशिवाय कोणी पुढे जात नाही.

धरमपेठ_प्राध्यापक:

मी कॉलेजात शिकवतो, तुमच्या नाही. ग्रुपबद्दल सांगतो. भांडण होतं ते शेवटच्या रात्री, म्हणून बोलणं पहिल्या दिवशी व्हायला हवं. सगळ्यांनी एकाच सामाईक फाइलमध्ये लिहायचं, प्रत्येक भागापुढे नाव आणि तारीख. कोणी किती लिहिलं हे फाइलच सांगते, तुला चहाडी करावी लागत नाही. तरीही हललं नाही तर सादरीकरणाच्या आठ दिवस आधी विषयाच्या शिक्षकांना भेट. निकाल लागल्यावर आलेल्या मुलीसाठी आम्हाला इच्छा असूनही फार काही करता येत नाही.

क्लबबाबत वरच्या ताईंशी माझं जमत नाही. तू सोडू नकोस, पदाधिकारी होऊ नकोस एवढंच. महिन्याचे दोन-तीन तास दे. इंग्रजीत न घाबरता बोलायची सवय वर्गापेक्षा तिथे लवकर लागते, कारण तिथे मार्क नाहीत.

आणि मेट्रोतला वेळ वाया गेलेला धरू नकोस. लोकमान्य नगरला गाडी सुटते, तिथे बसायला जागा मिळते. सकाळी फॉर्म्युले आणि क्विझची उजळणी तिथेच कर. केस मात्र घरी, पेन्सिल हातात घेऊन.

हिंगणारोड:

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवस करून पाहिलं म्हणून लिहिते.

काका, ते १८० खरंच उलटे आकडेच होते! भाड्याच्या खात्यात २,३५० चे २,५३० झाले होते. तुमचं वाचून वही उघडली अन् पाच मिनिटांत सापडलं. मी बाबांना दाखवलं, त्यांनी दुकानाची वही काढून त्यावर करून पाहिलं.

ताई, केस अजून अडीच तासांवर आहे. पण काल वर्गात घरून लिहून नेलेलं वाक्य बोलले. संत्र्याचंच होतं. सर थांबले अन् बहाराबद्दल अजून विचारलं, तेव्हा पुढचं न लिहिता बोलता आलं.

स्टॅटिस्टिक्सच्या दुसऱ्या क्विझला ७ आले, सगळी उजळणी मेट्रोतली. क्लब सोडला नाही, फक्त पोस्टर बनवायचं काम दुसरीला दिलं.

ग्रुपची फाइल केली आहे. चौघांची नावं आली, एकाचा रकाना अजून रिकामा आहे. प्रेझेंटेशन पुढच्या शुक्रवारी आहे, म्हणजे सर, तुमच्या आठ दिवसांच्या हिशेबाने मला उद्याच मॅडमना भेटावं लागेल. त्या मुलाला आधी सांगून जाऊ की न सांगता? आज रात्रीपर्यंत कोणी सांगितलं तर बरं होईल.