फाशी नको, पण सुटकाही नको

कोरेगावकर:
अंगावर काटा आणणारा गुन्हा घडला की आपल्या साताऱ्याच्या पोवई नाक्यावर ‘फाशी द्या’चे फलक घेऊन लोक उभे राहतात. त्यांचा राग खरा असतो, माझाही असतो. तरीही फाशी कायद्यातून काढावी, असं माझं ठाम मत आहे. 2003 साली नाशिककडे एका कुटुंबातल्या पाच जणांचा खून झाला. भटक्या समाजातले सहा जण धरले. 2009 मध्ये सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना फाशी ठोठावली आणि 2019 मध्ये त्याच कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. बचावलेल्या बाईने पोलिसांच्या अल्बममधून भलतेच चार जण ओळखले होते, त्यांच्याकडे तपास वळलाच नाही. मधल्या काळात फाशी झाली असती, तर 2019 चा निकाल कुणाला वाचून दाखवणार होतो?

कृष्णाकाठ, सांगली:
मग तपास सुधारा ना भाऊ. शिक्षा का काढायची? फाशी काय ऊठसूट देतात का? 1980 च्या बच्चन सिंग निकालापासून फक्त ‘दुर्मिळातल्या दुर्मीळ’ प्रकरणातच देता येते, तीही हायकोर्टाने शिक्कामोर्तब केल्यावर. कोल्हापूरच्या त्या दोघी बहिणी आठवा. लहान लेकरं पळवून मारली. 2006 मध्ये सुप्रीम कोर्टाने फाशी कायम केली, 2014 मध्ये राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला, आणि 2022 मध्ये हायकोर्टाने जन्मठेप केली. का, तर सरकारने दयेच्या अर्जाला उशीर लावला म्हणून! फाईल सरकारने रखडवली, सवलत त्यांना मिळाली. ज्या आईचं लेकरू गेलं तिला काय सांगायचं?

मिरज कोर्ट:
मी वकिली करतो म्हणून एक सांगतो. ‘जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं’ हा समज चुकीचा आहे. चौदा वर्षांनी सरकार सुटकेचा विचार करू शकतं, सुटका हा हक्क नाही. शिवाय 2008 च्या श्रद्धानंद निकालापासून कोर्ट ‘मरेपर्यंत तुरुंगात, सवलत नाही’ अशी शिक्षाही देऊ शकतं. 2015 मध्ये विधी आयोगाने, म्हणजे सरकारला कायद्यातले बदल सुचवणाऱ्या मंडळाने, दहशतवादाचे आणि देशाविरुद्ध युद्ध पुकारण्याचे गुन्हे सोडून बाकी सगळीकडे फाशी रद्द करा, असं सुचवलं. अजून ते झालेलं नाही.

राजवाडा चौक:
बाबासाहेब आपल्या साताऱ्याच्या शाळेत शिकले. जून 1949 मध्ये घटना समितीत ते म्हणाले होते की अहिंसा मानणाऱ्या या देशाने फाशी साफ रद्द करणंच योग्य. त्या माणसाने कायदा कोळून प्याला होता, आणि अन्याय अंगावर झेलला होता.

कृष्णाकाठ, सांगली:
बाबासाहेबांबद्दल दुमत नाही. पण त्याच घटनेत कलम 72 आहे. राष्ट्रपतींना फाशी माफ करता येते, म्हणजे फाशी असणार हे घटनेने धरलेलंच आहे. निर्भयाचे चार गुन्हेगार 20 मार्च 2020 ला तिहारमध्ये फासावर गेले, तेव्हा देशभर लोकांना न्याय झाला असं वाटलं. ते वाटणं काय खोटं होतं?

कोरेगावकर:
खोटं नव्हतं. पण त्या न्यायाला सात वर्षांवर काळ गेला, आणि तेवढा काळ आईबाप कोर्टाच्या तारखा मोजत बसले. पहिल्याच दिवशी ‘मरेपर्यंत तुरुंग’ झाला असता, तर दयेचा अर्ज, त्यावरचं अपील, पुन्हा स्थगिती हे सगळं टळलं असतं.

कृष्णाकाठ, सांगली:
अपील तेव्हाही झालंच असतं. आणि मरेपर्यंत म्हणजे खरंच मरेपर्यंत, याची हमी कोण देणार? उद्याचं सरकार कायदा बदलून सोडणार नाही कशावरून? ती हमी लेखी द्या, मग बोलू.