अ‍ॅक्रिलिकसाठी पातं: नुसते दात मोजू नका

अ‍ॅक्रिलिक शीट कापायला करवतीचं कोणतं पातं घ्यावं, या प्रश्नावर लाकूड कापायचं ४० दातांचं पातं अ‍ॅक्रिलिकला चालेल, असं एकांनी सुचवलंय. कापलं जाईल हो, पण कडेचे टवके उडतील. त्या पात्याचे दात बहुधा आलटून-पालटून तिरके घासलेले आणि पुढे बरेच झुकलेले असतात, त्यामुळे ते शीटमध्ये झडप घालतात.

दुकानात टीसीजी (ट्रिपल चिप ग्राइंड) दातांचं, कार्बाइड टिपवालं म्हणजे दातांना कठीण धातूची टोकं बसवलेलं पातं मागा. अ‍ॅल्युमिनियम सेक्शन कापणाऱ्यांकडेही याच जातीचं असतं. त्यात एक दात थोडा उंच, कोपरे मारलेला; तो मधून खाच पाडतो. पुढचा सपाट दात बाजू साफ करतो. १० इंची टेबल सॉला (टेबलात बसवलेल्या गोल करवतीला) ८० दात, हुक अँगल म्हणजे दात पुढे झुकल्याचा कोन शून्य किंवा किंचित उणे. शीटवरचा कागद काढू नका.

जाड शीटला मात्र जास्त दात म्हणजे जास्त चांगलं, असं नाही. दातांमधली जागा कमी पडली की भुसा अडकतो, घर्षणाने तापतो. अ‍ॅक्रिलिक १०० अंशांच्या आसपासच मऊ पडतं, मग कापलेली फट मागून पुन्हा चिकटते. एक्सट्रुडेड (वितळवून साच्यातून दाबून काढलेल्या) शीटचा हा त्रास कास्टपेक्षा (साच्यात ओतून केलेल्या शीटपेक्षा) जास्त, तेव्हा घेतानाच विचारा. आणि मार्बल कटरला (फरशी कापायच्या हातातल्या मशीनला) दातेरी पातं लावणं विसरा, त्यात बोटं जातात.

तुमची शीट ३ मिमीची आणि काप सरळ असेल, तर सॉची गरजच नाही. अ‍ॅक्रिलिक कटरने (रेघ कोरायच्या आकडीदार सुरीने) पट्टी धरून आठ-दहा वेळा रेघ ओढा आणि टेबलाच्या कडेवर मोडा. पॉलिकार्बोनेट (दिसायला तसंच, पण चिवट प्लास्टिक) असं मोडत नाही, नुसतं वाकतं.