निकॉन डी७५० की कॅनन ६डी मार्क २? शॅडो (फोटोतला अंधार) उचलल्यावर कोण टिकतं?

गडभटक्या:
मंडळी, सेकंडहँड फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा घ्यायचाय. समोर दोन बॉड्या आहेत, डी७५० (२०१४ चा, २४ मेगापिक्सेल) आणि ६डी मार्क २ (२०१७ चा, २६). माझे फोटो बहुतेक गडांवरचे, म्हणजे कोकणकड्यावरून सूर्यास्त, वर आकाश पेटलेलं आणि खाली दरी काळीकुट्ट. आकाश सांभाळून एक्स्पोज केलं आणि नंतर रॉमधे (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमधे) दरी तीनेक स्टॉप उचलली, म्हणजे उजळली (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), तर कुठला टिकेल? नवीन तो चांगला असणार ना? दुकानदार मात्र डी७५० च घ्या म्हणतोय, पडून आहे म्हणून की काय देव जाणे.

रॉवाला:
दुकानदार खरं बोलतोय. डीएक्सओमार्क या कॅमेरे तपासणाऱ्या साइटच्या मोजणीत डायनॅमिक रेंज (एका फोटोत उजेडापासून अंधारापर्यंत किती पकडता येतं ते) डी७५० ची १४.५ स्टॉप आणि ६डी मार्क २ ची ११.९, म्हणजे अडीच स्टॉपचा फरक, आणि तो बरोबर तुझ्या दरीत दिसणार. ६डी मार्क २ मधे अ‍ॅनालॉगचं डिजिटल करणारं सर्किट सेन्सरच्या बाहेर आहे, सिग्नल तिथवर पोचेपर्यंत नॉइज मिसळतो, मग अंधार उचलला की त्यात ठिपके आणि पट्टे दिसायला लागतात. आणि २०१६ च्या ५डी मार्क ४ मधे कॅननने हेच सुधारलं होतं! स्वस्त बॉडीला मुद्दाम दिलं नाही असं माझं मत.

मांडववाला:
हे सगळं आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १०० चं झालं हो. आम्ही लग्नं करतो, हॉलमधे १६००-३२०० च्या खाली येतच नाही, तिथे दोन्ही जवळपास सारखेच. वर कॅननचा लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर बघून काढताना) फोकस झटपट, डी७५० चा चाचपडत बसतो. फक्त कॅननला कार्ड स्लॉट एकच, त्याची धास्ती असते.

रॉवाला:
बरोबर, पण त्याला गड काढायचेत. आणि हो, हायलाइट (सर्वात उजळ भाग) एकदा उडाले, पांढरेफटक झाले की दोन्हीकडे गेलेच, सगळी सूट अंधाराच्या बाजूला. मागच्या स्क्रीनवरचा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) कॅमेऱ्याने तयार केलेल्या जेपेगचा असतो, रॉमधे थोडं जास्त उरतं, म्हणून उगाच फार अंडर (काळा) मारू नकोस.

गडभटक्या:
ओके, पटलं. फक्त घरी कॅननच्या दोन लेन्स आहेत, दोन्ही फुलफ्रेमच्या.

मांडववाला:
हे आधी सांगायचं ना भाऊ, त्या निकॉनला कुठे बसणार! मग ६डी मार्क २ घे, सोबत ट्रायपॉड ने आणि ब्रॅकेटिंग कर (कमीजास्त उजेडाचे दोन-तीन फोटो काढून नंतर जोड), दरी काय हलत नाही.

रॉवाला:
दरी नाही हलत पण कड्यावरचं गवत हलतं, मग फोटो जुळत नाहीत. थोडा थांब, पैसे जमव, जुना ५डी मार्क ४ बघ.